प्लॅन ३०० चा, स्पीड ९४ चा: स्वतःचा राऊटर ठेवावा का?

प्रश्न थोडक्यात असा. घरी १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन होता, तो वाढवून ३०० चा केला. कंपनीचा माणूस येऊन जुना डबा काढून नवा, वायफायवाला डबा बसवून गेला. तुमच्याकडे काही वर्षांपूर्वी घेतलेला स्वतःचा राऊटर आहे आणि तोच पुढे चालवायचा आहे. पण तो जोडला की स्पीड टेस्ट ९४ च्या वर सरकत नाही. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "या प्लॅनला बाहेरचा राऊटर चालत नाही." तो खरं बोलतोय का?

अर्धंच खरं. बाहेरचा राऊटर चालतो, तुमचा हा राऊटर मात्र बहुतेक चालणार नाही. कारण कंपनीचा नियम नाही, त्याच्या पाठीमागची, वायर लावायची पोर्टं आहेत.

९४ हा आकडा फार बोलका आहे. लाईन खराब असेल तर स्पीड कधी ६०, कधी १४०, कधी २१० असा नाचतो. रोज, सकाळ-संध्याकाळ, ९३ ते ९५ च्या मध्येच अडकून बसत असेल तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं इथरनेट पोर्ट आहे असं डोळे झाकून समजा. १०० च्या पोर्टातून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटला (डेटाच्या छोट्या गठ्ठ्याला) पत्ते आणि तपासणीचा मजकूर चिकटलेला असतो. तो वजा जाता खऱ्या डेटासाठी साधारण ९४ उरतात. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, पोर्टावर हाच हिशेब ९४० च्या आसपास येतो. १०० चा प्लॅन होता तोवर ९४ पाहून तुम्हीही खूश होता, कंपनीही खूश होती. तेव्हा हे पोर्ट कुणाच्या डोळ्यावर आलं नाही, एवढंच.

लोक इथे फसतात ते खोक्यावरच्या आकड्यामुळे. खोक्यावर ठळक "एसी१२००" लिहिलेलं असतं, म्हणजे १२०० चा राऊटर असं वाटतं. तो आकडा निव्वळ हवेतल्या वेगाचा असतो, आणि तोही दोन बँडची बेरीज: २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, मग वर गोल करून १२००. मागे वायर लावायच्या पोर्टाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. टीपी-लिंकचा आर्चर सी५० घ्या. एसी१२००, पण पाचही पोर्टं १०० ची. त्याच कंपनीचा आर्चर सी६ घ्या. हाही एसी१२००, पण पोर्टं गिगाबिटची. दुकानात दोन्ही खोकी शेजारी ठेवलेली असतात आणि थोड्या पैशांचा फरक पाहून माणूस सी५० उचलतो. तुमच्या राऊटरचा मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवर असेल. कंपनीच्या साईटवर त्याची माहिती उघडा आणि पोर्टांच्या ओळीत "१०/१००" लिहिलंय की "१०/१००/१०००" एवढंच पाहा. पहिलं असेल तर विषय संपला, या राऊटरमधून ३०० कधीच निघणार नाहीत.

पण राऊटरवर खापर फोडण्याआधी वायर तपासा. गिगाबिट असलेले राऊटरही लोक याच ९४ साठी बदलून मोकळे होतात, आणि नव्या राऊटरवरही ९४ च येतात.

१०० एमबीपीएसला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. नेहमीच्या रंगक्रमात त्या केशरी आणि हिरव्या जोडीच्या. गिगाबिटला आठच्या आठ लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार तुटलेली असली तरी नेट बंद पडत नाही. दोन्हीकडची उपकरणं बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. प्लगचं टोक उजेडात धरून पाहा. प्लॅस्टिक पारदर्शक असतं. आठही रंग शेवटच्या भिंतीला टेकलेले दिसले पाहिजेत. पुष्कळदा तपकिरी तार एक-दीड मिलिमीटर अलीकडेच थांबलेली असते; क्रिम्पिंग करणाऱ्याने, म्हणजे प्लग दाबून बसवणाऱ्याने, आठ तारा एका रेषेत कापल्या नाहीत, कोपऱ्यातली आखूड राहिली. पितळी दात खाली आले ते तिच्यावर न पडता मोकळ्या जागेत. प्लग कापून नवा लावला की दोन मिनिटांत ९४ चे ३०० होतात.

दुसरा प्रकार जुन्या फ्लॅटमध्ये सापडतो. भिंतीतून एकच केबल ओढलेली असते आणि कुणीतरी हुशारी करून तिच्या दोन जोड्या इंटरनेटला, उरलेल्या दोन इंटरकॉमला किंवा दुसऱ्या खोलीतल्या फोनला दिलेल्या असतात. अशा वायरीवरून १०० च्या पुढे काही जाणार नाही. नवी केबल ओढणं हाच उपाय. घेताना शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. घरातल्या अंतरांना ५ई सुद्धा पुरते. गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत ती धरलेलीच आहे. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल बाजारात भरपूर आहे. ती वाकवली की आत तुटते आणि मग आपण महिनाभर राऊटर रीस्टार्ट करत बसतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी लॅपटॉप, चांगल्या वायरीने, थेट कंपनीच्या डब्याला (त्यातला फायबरचा भाग म्हणजे ओएनटी). विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगात "लिंक स्पीड" दिसतो, तो १०००/१००० हवा. लॅपटॉपचं स्वतःचं पोर्ट किंवा यूएसबीचं कनेक्टर १०० चं नाही ना, हेही तिथेच कळतं. आता टेस्ट घ्या. ३०० च्या जवळपास आले तर बाहेरची लाईन ठीक आहे, दोष तुमच्या घरात आहे. नाही आले तर तुमच्या राऊटरचा काही संबंध नाही, तक्रार कंपनीकडे करा. ती करताना "वायफायवर कमी येतं" असं म्हणू नका. पलीकडचा माणूस "सर, राऊटरजवळ जाऊन बघा" म्हणून तक्रार बंद करतो. "लॅपटॉप वायरीने थेट ओएनटीला जोडून, लिंक १००० ची असताना इतके येतात" असं सांगितलं की त्याला पळवाट राहत नाही.

प्लॅन वाढवल्यावर एकदा डबा बंद करून चालू करायला विसरू नका. स्पीडची मर्यादा कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती बहुतेक ठिकाणी नवं सेशन (डब्याचं नवं लॉगिन) सुरू होताना लागू होते. जुनं सेशन चालू राहिलं तर पैसे ३०० चे भरून स्पीड १०० चाच मिळत राहतो. आणि प्लॅन वाढवला म्हणून फायबर बदलावी लागते असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. घरोघरी फायबर द्यायची जी जीपॉन पद्धत वापरतात तिच्यात एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट असतो आणि तो स्प्लिटरमधून (प्रकाश वाटणाऱ्या फाट्यातून) ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. तुमची तीच काच, म्हणजे फायबर, १०० ला चालते तशी ३०० लाही चालते. पाहायचाच तर प्रकाशाचा जोर पाहा. डब्याच्या सेटिंगमध्ये "आरएक्स पॉवर" असा आकडा असतो. तो उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाचा जोर मोजायचं माप) खाली, म्हणजे उणे २८-२९ असा, गेला की लाईन हेलकावे खाते. मला स्वतःला उणे २४ च्या वरच असलेला आवडतो, म्हणजे पावसाळ्यात जॉइंट थोडा बिघडला तरी गाडी चालत राहते.

आता मूळ प्रश्न. स्वतःचा राऊटर लावायचा म्हणजे कंपनीचा डबा काढून टाकायचा नाही. त्या डब्यात दोन कामं आहेत. एक, काचेतला प्रकाश ओळखून त्याचं इथरनेट करणं. हे ओएनटीचं काम. त्याचा सिरीयल नंबर कंपनीकडे नोंदलेला असतो, दुसरा डबा लावला तर तिकडून ओळख मिळत नाही. दोन, घरातल्या सगळ्या उपकरणांना नेट वाटणं आणि वायफाय. हे राऊटरचं काम. आपण फक्त दुसरं काम काढून घेतो. हिरव्या टोकाची ती बारीक पॅच कॉर्ड कुणीही घरच्या घरी उपसू नये, टोकाला बोट लावू नये आणि आत डोकावून पाहू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझर असतो.

स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर बऱ्याचदा तो साधा, एका पोर्टाचा ओएनटी देतो आणि राऊटर तुमचाच असतो. तिथे हा वादच नाही. पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड तुमच्याच राऊटरमध्ये भरलेलं असतं, गिगाबिटचा राऊटर घ्या, तेच भरा, झालं. मात्र इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचमधून थेट वायर घरात आली असेल तर तो स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरून वायरीवर आणणारा डबा) गिगाबिटचे आहेत का हे प्लॅन वाढवण्याआधी विचारा. गच्चीवर १०० चा स्विच आणि बिल ३०० चं, अशा सोसायट्या अजून आहेत.

कंपनीचा दोन्ही कामांचा एकत्र डबा असेल तर लोक लगेच "ब्रिज मोड करून द्या" म्हणून मागे लागतात. ब्रिज म्हणजे डबा फक्त प्रकाशाचं काम करणार, लॉगिन आणि बाकी सगळं तुमच्या राऊटरवर. मला विचाराल तर दहातल्या आठ घरांना याची गरज नाही. तुमची तक्रार आतल्या खोलीत रेंज नाही, डब्याचं वायफाय कमजोर आहे एवढीच असेल तर स्वतःचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, बाकी काम कंपनीचा डबाच करेल. लॉगिन, फोन, टीव्हीचा डबा यांतलं काहीही हलवावं लागत नाही, कंपनीला फोन करावा लागत नाही आणि उद्या काही बिघडलं तर तुमची वायर काढली की सगळी जबाबदारी त्यांची. राऊटरमध्ये तसा मोड नसेल तर हातानेही करता येतं: त्याला कंपनीच्या डब्याच्याच मालिकेतला वेगळा पत्ता द्या (डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर १९२.१६८.१.२), त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद करा, आणि वायर वॅनमध्ये (बाहेरच्या लाईनच्या पोर्टात) न लावता लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावा. मग कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन जवळचं चांगलं सोडून लांबच्या त्याच जुन्या वायफायला चिकटून बसतो.

काहीच न बदलता राऊटर सरळ डब्यामागे लावला तरी बहुतेक वेळा नेट चालतं. याला डबल नॅट म्हणतात; नॅट म्हणजे बाहेरच्या एका पत्त्यामागे घरातली सगळी उपकरणं ठेवणं, आणि इथे ते दोनदा होतं. यूट्यूब, व्हॉट्सॲप, ऑफिसचं काम यात काही अडत नाही. अडतं ते घरातल्या घरात. प्रिंटर एका डब्यावर, लॅपटॉप दुसऱ्यावर, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ऑनलाईन गेममध्ये "नॅट स्ट्रिक्ट" येतं. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर नेटच येत नाही आणि माणूस नवा राऊटर खराब म्हणून परत करायला जातो. तुमच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा, प्रश्न सुटतो.

ब्रिज कुणी करावा? ज्याला घरून कायमचं व्हीपीएन चालवायचं आहे, स्वतःचा फायरवॉल ठेवायचा आहे, मुलांच्या वेळा राऊटरवरूनच बांधायच्या आहेत, किंवा कंपनीचा डबा बरीच उपकरणं लागली की लटकतो असा अनुभव आहे, त्याने. बरेच डबे कंपनी दुरून हाताळते, वायफायचं नाव-पासवर्डसुद्धा तिथून बदलता येतं. हे ज्याला खटकतं त्याचंही कारण मला पटतं.

करायचं ठरवलंच तर कंपनीचा माणूस घरी असतानाच सगळं विचारून घ्या, कारण नंतर फोनवर कुणालाच काही माहीत नसतं. पीपीपीओई आहे की नाही. असेल तर युजरनेम आणि पासवर्ड. व्हीलॅन क्रमांक (एकाच लाईनवर इंटरनेट आणि फोन वेगळे ठेवणारा) काय आणि तो टॅग ओएनटी लावणार की तुमचा राऊटर. लॉगिन जुन्या डब्याच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं आहे का. असेल तर त्यांना सोडवायला सांगा किंवा राऊटरमध्ये "मॅक क्लोन" करा, म्हणजे जुन्या डब्याचा तो क्रमांक राऊटरला द्या. आणि लँडलाईनचं काय? डब्याच्या फोनपोर्टाचा आवाज बहुधा वेगळ्या व्हीलॅनवरून जातो, त्यामुळे डब्याच्या सेटिंगमधली फक्त इंटरनेटची नोंद ब्रिज केली तर फोन चालू राहतो. पण घाईत सगळ्याच नोंदी पुसून टाकणारेही असतात. मग घरातल्या आजोबांचा फोन मुका होतो आणि आठवड्याने कुणाच्या तरी लक्षात येतं. बदलाआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. माणूस जाण्याआधी एक फोन लावून आणि एक घेऊन पाहा.

ब्रिजनंतर दोन गोष्टी हमखास भेटतात. पीपीपीओईला प्रत्येक पॅकेटमागे आठ बाइट जास्त लागतात, म्हणून एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० ऐवजी १४९२ ठेवा. एखादी बँकेची साईट अर्धवट उघडून थांबते, बाकी सगळं चालतं, असं झालं तर आधी हेच तपासा. दुसरं, स्वस्त राऊटरमध्ये वेगाचं काम एक खास चिप करते. क्यूओएस (कुणाला आधी नेट द्यायचं ते ठरवणं), ट्रॅफिकची आकडेवारी, काही राऊटरांत पालकांसाठीची नियंत्रणं चालू केली की ते काम साध्या प्रोसेसरवर येतं आणि ३०० चे १५०-२०० होतात. सुविधा बंद करून परत टेस्ट घ्या, कळेल.

ब्रिजमुळे काय मिळत नाही तेही सांगतो, कारण सीसीटीव्हीवाले याच आशेने ब्रिज करायला लावतात. राऊटरवर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एकाने सुरू होत असेल तर कंपनीने तुम्हाला इतर ग्राहकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे. अशा वेळी ब्रिज करा, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आत यायची वाट उघडणं) करा, बाहेरून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग यंत्र) दिसणार नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्या किंवा कॅमेऱ्याचं क्लाऊड ॲप वापरा.

नवा राऊटर घ्यायचाच झाला तर ३०० च्या प्लॅनला सगळी पोर्टं गिगाबिट आणि दोन अँटेनांचं वायफाय ६ एवढं पुष्कळ. ५ गिगाहर्ट्झवर वायफाय ५ च्या दोन अँटेनांचा कागदी वेग ८६७ असतो, प्रत्यक्षात त्याच खोलीत ४०० ते ६०० मिळतात. म्हणजे तुमच्याकडे गिगाबिट पोर्टाचा वायफाय ५ राऊटर असेल तर तोही काढायचं कारण नाही. २.४ गिगाहर्ट्झवर मात्र गजबजलेल्या इमारतीत ५०-६० च्या वर फार आशा धरू नका, मग राऊटर कितीही महाग असो. आठ अँटेनांच्या राऊटरला भुलू नका. राऊटर ओरडू शकतो, पण फोनचा बारीक आवाज दोन भिंतींपलीकडून त्याला ऐकू यावा लागतो. जांभ्याच्या जाड भिंती किंवा मधे आरसीसी स्लॅब असेल तर एक राऊटर पुरणारच नाही. तिथे पैसे राऊटरवर न घालता वायरीवर घाला: फायबर दारामागच्या चपलांच्या कपाटाजवळ उतरते म्हणून राऊटरही तिथेच कोंबलेला असतो, तिथून घराच्या मधोमध एक केबल ओढा आणि राऊटर तिकडे, उघड्यावर, उंचावर ठेवा. मेश (एकाच नावाने चालणारी अनेक वायफाय युनिटं) घेतलीत तरी शक्य तिथे युनिटं वायरीनेच जोडा. बिनवायरीची, दोन बँडची मेश एकाच हवेतून घेते आणि त्याच हवेतून देते, त्यामुळे पलीकडच्या युनिटवर वेग साधारण निम्मा होतो.

बसवताना जुनंच वायफायचं नाव आणि पासवर्ड जसंच्या तसं ठेवा. टीव्ही, बल्ब, गिझरचा स्विच सगळे आपोआप जोडले जातात. बल्बसारख्या गोष्टींना फक्त २.४ लागतं आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) बहुधा कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ चालू राहू द्या. राऊटर सुरू झाल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर दिसलंच नाही तर घाबरू नका. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर त्याला आधी एक मिनिट रडार ऐकावं लागतं. तो उशीर नको असेल तर चॅनेल ३६ किंवा १४९ ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद करा. ब्रिज केला असेल तर फर्मवेअर अपडेट टाळू नका, आता इंटरनेटच्या तोंडावर तुमचाच राऊटर उभा आहे.

लोडशेडिंग किंवा वीज सारखी जाणारा भाग असेल तर मिनी यूपीएसचाही विचार बदलतो. आधी एक डबा होता, आता दोन झाले. राऊटर यूपीएसवर आणि ओएनटी भिंतीच्या सॉकेटवर, असं केलं तर वीज गेल्यावर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि नेट शून्य. दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचा. दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर ॲम्पियरची बेरीज करून तेवढं देणारा, दोन आउटपुटचा यूपीएस घ्या.

आणि तो जुना १०० च्या पोर्टांचा राऊटर भंगारात देऊ नका. डीव्हीआर, स्मार्ट बल्ब, गॅरेजमधला एखादा कॅमेरा यांना त्याचे ९४ आयुष्यभर पुरतात; एका कॅमेऱ्याला चार-आठ एमबीपीएसच्या वर लागत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे डीएचसीपी बंद करून लॅनमधून जोडा, त्याचं ५ गिगाहर्ट्झ बंद करा, मुख्य राऊटरच्याच मालिकेतला मोकळा पत्ता (उदा. १९२.१६८.१.३) द्या. फक्त नव्या राऊटरच्या आणि ओएनटीच्या मधे तो येऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा ९४ च दिसतील.